पाण्याचं गाणं कितव्या नंबरला

"आरसा पाचवा? अन् छत्री त्याच्याबी खाली? मिस्त्री, उन्हात डोकं फिरलं का काय तुमचं?"

चन्नबसप्पाने फोन कान आणि खांदा यांच्यात धरला होता. दोन्ही हात पाइपच्या पान्यावर होते. बोअरमधून सातवा पाइप वर आला होता, आठवा क्लँपमध्ये लोंबकळत होता आणि वलांडीजवळच्या त्या वाडीतली पंधरावीस माणसं हातपंपाभोवती उभी राहून मिस्त्री फोन कधी ठेवतो याची वाट बघत होती.

"सिस्टर, आरशाच्या गाण्यात नैरा नाचतच न्हाई," तो म्हणाला. "नुस्ती बसून केस विंचरती. तरी आपली नजर हालत न्हाई. छत्रीत चाळीस माणसं नाचवली. मग त्यात तिचं काय राहिलं?"

"चाळीस काळ्या छत्र्या, अन् मधी तिची एकटीची... कोणत्या रंगाची हो तिची?"

"पिवळी."

"हाव, पिवळीच. त्या पिवळ्या छत्रीसाठी तरी चौथा नंबर द्या."

"संध्याकाळी बोलतो. पाइप हातात हाय."

"पाणी लागलं का?"

चन्नबसप्पाने वर आलेल्या पाइपच्या तोंडाला बोट लावलं. बोटाला गंजाची पूड लागली. "न्हाई," तो म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

एक म्हातारा पुढे आला. "मिस्त्री, आजून दोन पाइप वाढवून बगा की."

"वाढवून कुठं घालू, अण्णा? दोनशे फुटांचा बोअर हाय. पाइप तळालाच टेकला होता."

तो बोअर तेरा वर्षांपूर्वी झाला तेव्हा पंप त्यानेच बसवला होता. बायांनी हँडलला हळदकुंकू लावलं होतं, त्याला टॉवेल-टोपी दिली होती. आता त्याने एकेक करत सगळे पाइप काढले, सिलेंडर काढलं, आत खडा पडू नये म्हणून बोअरच्या तोंडावर पत्रा ठेवून वर दगड ठेवला. त्या उन्हाळ्यातला हा त्याचा चोविसावा पंप. त्याच्याकडे देवणी तालुक्यातल्या एकोणचाळीस गावांचे हातपंप होते. दुरुस्त करायचं काम आता उरलंच नव्हतं. बसवलेलं उपसून काढायचं, एवढंच.

चन्नबसप्पा पंचायत समितीत अठरा वर्षं हातपंप मिस्त्री होता. मानधनावर. बेचाळिशीचा, सडपातळ, कपाळाला भस्माची तीन बोटं, गळ्यात लिंग, आणि अंगठ्याच्या नखात कायम काळं ग्रीस. त्याच्याशी बोलणारा माणूस पंपाविषयीच बोलायचा. बायको घराविषयी बोलायची. या दोन्हींपलीकडे चन्नबसप्पाचं एखाद्या गोष्टीविषयी ठाम मत असू शकतं, हे जगात जेमतेम चार जणांना माहीत होतं. त्यातली पहिली सिंधु, फोनवरची सिस्टर.

हे सगळं नांदेडला सुरू झालं होतं. सत्त्याण्णव साली तो तिथे आयटीआयला फिटरचा कोर्स करत होता. पोरं ज्या खानावळीत जेवायची, तिथे फळीवर एक टीव्ही होता. एका दुपारी त्यावर गायिका नैरा दिसली. लहान केस, जाड भुवया, धुळीने भरलेल्या रस्त्यावर एकटीच जीप चालवत गात होती. नट्या गाडीत बसतात हे त्याने पाहिलं होतं. चालवणारी पहिल्यांदाच पाहिली. गाण्याच्या शेवटी जीप बंद पडते, नैरा उतरते, बॉनेट उघडते आणि पाना घेऊन स्वतः इंजिनाला भिडते. चन्नबसप्पाच्या हातात भाकरीचा तुकडा तसाच राहिला.

पुढे एका सिनेमाच्या साप्ताहिकात वाचकांच्या पानावर त्याला एक पत्र दिसलं. 'नैराचे तीन व्हिडिओ : माझी क्रमवारी.' लिहिणारी होती सिंधु, परिचारिका प्रशिक्षणार्थी, मुदखेड. तिने जीपवालं पहिलं ठेवलं होतं. चन्नबसप्पाने आयुष्यात पहिल्यांदा अनोळखी माणसाला पोस्टकार्ड टाकलं : 'जीपच्या गाण्यात तिच्या हातातला पाना त्या नटाला बसतच नाही. सतराचा नट आहे आणि पाना बावीसचा. म्हणून पहिला नंबर देता येत नाही.' आठ दिवसांनी उत्तर आलं. 'पाना कोण बघतं? तिचे हात बघा.'

त्याला एकोणीस वर्षं झाली. नैराची एकूण अकरा गाणी आली. व्हिडिओ असलेली अकराच. मग ती पडद्यावरून नाहीशी झाली. कुणी म्हणे परदेशात गेली, कुणी म्हणे लग्नांमधून गाते. पण मुदखेड आणि देवणी यांच्यामध्ये आधी पोस्टकार्डांवर, मग फोनवर, त्या अकरा गाण्यांची क्रमवारी बदलत राहिली. टॅक्सीवालं वर चढलं, बर्फाचं घसरलं, पतंगाच्या गाण्यावरून एकदा सहा महिने वाद चालला. सिंधु मुदखेडच्या दवाखान्यात नोकरीला लागली, तिचं लग्न झालं, नवरा वारला. हे सगळं त्याला पत्राच्या शेवटच्या ओळीतून कळत गेलं. त्याचं लग्न, मुलीचा जन्म, मुलीची शाळा तिला तसंच कळलं. तो तिला सिस्टर म्हणायचा, ती त्याला मिस्त्री. दोघांनी एकमेकांना कधी पाहिलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र त्याच्या यादीत कधी हलली नाही. पहिला नंबर पाण्याच्या गाण्याचा. बंद पडलेली गिरणी, काळोख, छपरातून पाण्याची धार पडतेय, आणि काळ्या कपड्यांतली नैरा अनवाणी त्या पाण्यात नाचतेय. साडेचार मिनिटं. शेवटी ती निघून जाते आणि पाणी पडतच राहतं. सिंधु त्या गाण्याला दुसरा नंबर द्यायची, आणि त्यावरून चन्नबसप्पा तिच्याशी दरवर्षी भांडायचा.

उदगीरला मन्मथचं मोबाइलचं दुकान होतं. आधी कॅसेटचं होतं, मग सीडीचं, आता मेमरी कार्डात गाणी भरून द्यायचं. 'नैरा दिवाने, मराठवाडा' हा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्याचाच. एकवीस जण होते, पण सतरा जण नुसते सकाळी फुलं पाठवायचे. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मन्मथचा फोन आला. त्याचा आवाज चिरकत होता.

"अप्पा, नैरा येऊलाली! उदगीरला!"

"कोण येऊलाली?"

"आपली नैरा! एक मेला लातूरातून फुटून उदगीर जिल्हा जाहीर होणार म्हणूलाले ना, त्या संध्याकाळी जिल्हा मागणाऱ्या समितीवाल्यांचा मोठा कार्यक्रम हाय. ती सोता गाणार, मागं मोठ्या पडद्यावर तिचेच व्हिडिओ लागणार. अन् समितीवाले मला म्हणले, मन्मथ, तू फॅन हाईस, कोणती दहा गाणी घ्यायची अन् कोणत्या नंबरानं, ते तूच लिहून दे!"

चन्नबसप्पा पंचायत समितीच्या आवारात एका उपसलेल्या पाइपच्या ढिगावर बसला. एकोणीस वर्षं ज्या यादीला कुणी विचारलं नव्हतं, ती आता खरोखरच्या स्टेजवर जाणार होती. आणि जिल्हा झाला तर नवी जिल्हा परिषद येईल, नव्या जागा निघतील, मानधनावरची माणसं कायम होतील, असं सगळेच म्हणत होते. लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागत होतं त्या दिवसांत उदगीरच्या चौकाचौकांत जिल्ह्याचे फलक लागले होते. लोकांना काहीतरी चांगलं होणार आहे, यावर विश्वास ठेवायचा होता.

त्याने सिंधुला फोन लावला. सगळं एका दमात सांगितलं.

"सिस्टर?"

"ऐकून राहिले मी," ती म्हणाली. "मी येते, मिस्त्री. कसंबी करून येते. एकदा बघायची हाय मला ती."

"दिसंल की. आपून पुढच्या रांगेत बसू."

"हाव. पुढच्याच रांगेत बसवा मला," सिंधु म्हणाली.

पुढच्या रविवारी दुपारी मन्मथच्या दुकानात यादी ठरवायला बसले. मन्मथ, चन्नबसप्पा, आणि काउंटरवर ठेवलेल्या फोनमधून सिंधु. मन्मथने दुकानातल्या टीव्हीवर एकेक गाणं लावायला सुरुवात केली. दार उघडंच होतं. रिचार्जला आलेली माणसं रेंगाळली. शेजारच्या बोळात टँकरची वाट बघणाऱ्या बायाही सावली म्हणून पायरीवर येऊन टेकल्या.

दहावं ढोलवालं, यावर तिघांचं एकमत झालं. लग्नाचं नववं. बर्फाच्या गाण्यात नैराला थंडी वाजतेय हे दिसतं, म्हणून ते आठवं. रेल्वेवाल्यावर मन्मथ अडून बसला, कारण त्यात ती फलाटावर बसून भजी खाते आणि ते त्याला फार खरं वाटायचं. ते सातवं ठरलं. चन्नबसप्पा प्रत्येक गाण्यावर बोलत होता. कॅमेरा कुठे ठेवलाय, नाचणाऱ्यांचे पाय कुठे चुकतात, नैरा कुठल्या ओळीला ओठ हलवायचं विसरते. रिचार्जला आलेले एक गुरुजी म्हणाले, "मिस्त्री, तुम्ही एवढं बोलता हे माहीतच नव्हतं." चन्नबसप्पा लाजला. त्याला वाटलं, असाच दिवस असावा.

मग पाण्याचं गाणं लागलं.

काळोख, आणि वरून पहिली धार. पायरीवरच्या बायांचं बोलणं थांबलं. गुरम्मा नावाची एक म्हातारी, दोन रिकाम्या घागरी बाजूला ठेवून बसली होती, ती उठून थेट टीव्हीपुढे आली.

"एवढं नीरु कुठलं रे, बाबा?"

"सिनेमातलं हाय, आज्जी," मन्मथ म्हणाला.

"सिनेमातलं असू दे. पाणी तर खरंच हाय की." ती वाकून बघत होती. "गोडं हाय का सवळं, खारट?"

कुणी हसलं नाही. नैरा नाचत होती, पण तिच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळे तिच्या पायाखालचं, फरशीवरून वाहत कोपऱ्यातल्या गटाराकडे चाललेलं पाणी बघत होते. चन्नबसप्पाही तेच बघत होता. शेकडो वेळा पाहिलेल्या या गाण्यात डाव्या कोपऱ्यात टँकरचा पाइप दिसतो, हे त्याला आज पहिल्यांदा दिसलं. चार इंची पाइप, पूर्ण उघडा. मिनिटाला किती, याचा हिशेब त्याचं डोकं आपोआप करू लागलं. साडेचार मिनिटांत वलांडीजवळची ती वाडी दोन दिवस प्याली असती.

नैरा निघून गेली. पाणी पडत राहिलं. पडदा काळा झाला.

"अगं बाई," गुरम्मा म्हणाली, "बंद केलंच न्हाई की कुणी."

ती पुन्हा पायरीवर जाऊन बसली. काउंटरवरच्या फोनमधून सिंधुचा आवाज आला, "मग? हे पहिलं. आता माझंबी मत तेच हाय. पहिलाच नंबर द्या."

"हे नको," चन्नबसप्पा म्हणाला.

"काय?"

"अकरातलं एक गाळायचंच हाय. हे गाळू."

"मिस्त्री, एकोणीस वर्षं तुम्ही त्याला पहिला नंबर दिला. मी दुसरा म्हणले तर माझ्याशी भांडले."

"तव्हाचं निराळं होतं."

"गाणं तर तेच हाय!"

"माणसं तीच न्हाईत, सिस्टर. पाच-दहा हजार लोकं येणार. घरी घागर पालथी घालून येणार. त्यांच्यापुढं साडेचार मिनिटं पाणी सांडायचं?"

"बघू द्या की त्यांना. बघायला तरी भेटंल." तिचा आवाज चढला. "माझ्यासाठी ठेवा म्हणते मी. मी आजवर तुम्हाला काही मागितलं का?"

दुकानात सगळे ऐकत होते. गुरम्मा ऐकत होती. चन्नबसप्पाच्या मानेवर घाम आला, आणि जे बोलायचं नव्हतं तेच त्याच्या तोंडून गेलं. "तुमचं काय जातंय? तुमच्याकडं गोदावरी हाय. तुम्हाला काय कळणार लातूरचं?"

फोनमध्ये कुठेतरी पंखा फिरल्यासारखी घरघर ऐकू येत राहिली.

"गोदावरी," सिंधु म्हणाली. "येऊन बघा एकदा." आणि फोन बंद झाला.

चन्नबसप्पाने यादी लिहिली. त्याचं अक्षर वळणदार होतं. पहिलं टॅक्सीवालं, दुसरं जीपवालं, तिसरं छत्रीवालं. छत्रीला वर आणलं ते सिंधुसाठी, हे ती समजेल असं त्याला वाटलं. मन्मथने यादीचा फोटो ग्रुपवर टाकला. थोड्याच वेळात खाली बारीक अक्षरांची ओळ आली. सिंधुने ग्रुप सोडला होता.

पुढचे दोन आठवडे त्याने फोन केला नाही आणि तिनेही केला नाही. रोज संध्याकाळी सहाच्या सुमाराला त्याचा हात खिशाकडे जायचा. त्या वेळी सिंधुची ड्युटी सुटायची. आपलं चुकलं हे त्याला पहिल्या दिवशीच कळलं होतं. पण पाण्याचं गाणं गाळलं ते बरोबरच होतं, असंही त्याला वाटत होतं. या दोन्ही गोष्टी एका फोनवर कशा सांगायच्या, ते त्याला सुचत नव्हतं.

तीस एप्रिलला संध्याकाळी मन्मथचा निरोप आला. जिल्ह्याची घोषणा होणार नाही. कार्यक्रम रद्द. समितीने पत्रक काढलं होतं, दुष्काळाचं भान ठेवून सोहळा पुढे ढकलण्यात येत आहे. नैराचं नाव त्यात कुठेच नव्हतं. ती यायची होती की नव्हती, हेही आता कुणी सांगेना.

चन्नबसप्पाने तो निरोप जगदेवीला वाचून दाखवला. त्याची बायको चुलीपुढे भाकरी थापत होती. नैराविषयी तिला एवढंच माहीत होतं की नवऱ्याला दारू नाही, पत्ते नाहीत, हे आहे.

"त्या नांदेडच्या बाईला कळवलाव का?"

"कळंल तिला."

"कसं कळंल? ग्रुपातून गेली म्हणलाव की."

"पेपरात येईल."

"एक फोन लावा. बाईमाणूस हाय, तिकडून निघंल." जगदेवीने भाकरी तव्यावर टाकली. "भांडण असू द्या तिकडं. फोन लावा."

त्याने फोन हातात घेतला. नाव काढलं. मग वाटलं, रागावली आहे, ती कशाला येतेय? आपण फोन करायचा आणि तिने उचलायचाच नाही, ते नको. त्याने फोन उशाखाली ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पंचायत समितीत झेंडावंदन झालं. अधिकाऱ्यांनी त्याला बाजूला घेऊन सांगितलं की पंप तर सगळे बंद पडलेत, उद्यापासून टँकरच्या ठिकाणी उभं राहून रांगा बघायच्या. पुढचं पावसाळ्यानंतर बघू. तो हो म्हणाला. तेवढ्यात मन्मथचा फोन आला.

"अप्पा, लगेच या. मैदानात एक बाई येऊन बसल्यात. मिस्त्री कुठं हायत म्हणून विचारूलाल्यात."

देवणीहून उदगीरला जायला जीप मिळेपर्यंत अकरा वाजले. ऊन रस्त्यावरून उसळत होतं. मैदानात स्टेजचे लोखंडी सांगाडे उभे होते आणि माणसं त्यांचे नट सोडवत होती. खुर्च्या एकात एक घालून टेम्पोत चढवल्या जात होत्या. एकच खुर्ची स्टेजसमोर, अगदी पुढे, राहिली होती. तिच्यावर कडक इस्त्रीच्या सुती साडीतली एक बाई बसली होती. केस अर्धे पिकलेले. पाण्याची बाटली दोन्ही हातांनी छातीशी धरलेली. कामगार तिला उठवत नव्हते, तिच्या बाजूने जात होते.

"सिस्टर," चन्नबसप्पा म्हणाला.

तिने झटकन मान वळवली. हसली. पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या कानाच्या जरा पलीकडे, टेम्पोच्या दिशेने बघत होती.

"आवाज फोनातल्यापेक्षा बारीक हाय तुमचा," ती म्हणाली.

तो एक पाऊल डावीकडे सरकला. तिचे डोळे तिथेच राहिले.

"सिस्टर, तुम्हाला..."

"दोन वर्षं झाली. डोळ्यामागची नस वाळून चालली. हैदराबादला दाखवलं. गेलेलं परत येत न्हाई म्हणले." ती एखाद्या पेशंटविषयी बोलावं तशी बोलत होती. "वॉर्ड पाठ हाय मला, म्हणून इतके दिवस चाललं. मागच्या महिन्यात एका लेकराची शीर सापडंना. तीनदा हात लावला, अन् मग सुई खाली ठेवली. म्हणलं, आता पुरे. या महिन्यात राजीनामा देणार हाय."

चन्नबसप्पा उभाच राहिला. त्याला तिचे सगळे प्रश्न आठवले. छत्री कोणत्या रंगाची. आरशात ती कोणत्या हाताने विंचरते. गेली दोन वर्षं ती त्याला विचारून विचारून यादी करत होती.

"तुम्ही सांगितलं का न्हाई?"

"सांगून काय? मग तुम्ही भांडले नसते. दया केली असती." तिने बाटलीचं झाकण चाचपलं. "पाण्याचं गाणं ठेवा म्हणले ते याच्यासाठीच. बाकी सगळी गाणी नुसती भुरकट दिसतात. त्या एका गाण्यात सगळा काळोख हाय ना, त्यात पांढरं पाणी हालतं. तेवढंच दिसतं मला आता. मोठ्या पडद्यावर आणखी चांगलं दिसलं असतं."

मागे स्टेजची एक कमान खाली आली. तिच्या आवाजाने सिंधु दचकली.

"हा कशाचा आवाज? तयारी चालू हाय का?"

तेव्हा त्याच्या लक्षात आलं. तिला अजून माहीत नव्हतं. मन्मथने सांगायचं त्याच्यावर सोडलं होतं.

"सिस्टर, कार्यक्रम न्हाई. रद्द झाला. जिल्हाबी न्हाई." तो तिच्यापुढे उकिडवा बसला. "मला काल संध्याकाळी कळलं होतं. फोन हातात घेतला होता. लावला न्हाई."

सिंधुने बाटली मांडीवर ठेवली. भाची पहाटे बसमध्ये बसवून गेली, चार तास उन्हात आले, असं काहीही ती म्हणाली नाही. फक्त म्हणाली, "बरं."

तो तिला मन्मथच्या दुकानात घेऊन गेला. चालताना तिने त्याच्या शर्टाची बाही दोन बोटांनी धरली होती. दुकानात पोचताच तो म्हणाला, "मन्मथ, पाण्याचं लाव." मन्मथने खाली मान घातली. वीज सकाळपासून नव्हती. चन्नबसप्पाने आपल्या फोनवर गाणं लावून तिच्या डोळ्यांसमोर धरलं. तिने फोन जवळ घेतला, लांब धरला, तिरका केला.

"राहू द्या, मिस्त्री. लई बारीक हाय."

गाणं वाजत राहिलं. मग चन्नबसप्पा बोलू लागला. "आता काळोख हाय. गिरणीचं दार लागलंय. वरून एक धार पडली. बारीक. ती हात पुढं करती..."

"डावा," सिंधु म्हणाली.

"डावा हात. तळव्यावर पाणी पडलं. आता मोठी धार. सगळीकडून. ती फिरूलाली. तिचे पाय..."

"पाय मला आठवतात. पाणी सांगा."

त्याने पाणी सांगितलं. कुठून पडतंय, कसं उडतंय, केसांवरून कसं निथळतंय, फरशीवर कसं पसरतंय. कोपऱ्यातला पाइप त्याने सांगितला नाही. ती मान किंचित वर करून ऐकत होती. गाणं संपलं तेव्हा मन्मथ दुकानाबाहेर जाऊन उभा होता.

"मी यादी बदलतो," चन्नबसप्पा म्हणाला. "पाण्याचं पहिलं लिहितो."

"कशाला? कार्यक्रमच न्हाई."

"तरी."

"नका लिहू. तुम्हाला ते बघवत न्हाई, हे खरं हाय. मला तेवढंच दिसतं, हेबी खरं हाय. उगं माझ्यासाठी खोटा नंबर नका देऊ." ती उठली. "नांदेडची गाडी कव्हा हाय?"

"घरी चला. जगदेवी वाट बघंल. जेवून..."

"नको, मिस्त्री. उजेड हाय तवर पोचू द्या मला. उजेडात जरा माणसांच्या सावल्या कळतात."

बसस्थानकावर गर्दी होती. गाड्या येत होत्या, आणि तो तिला एकेका गाडीची पाटी वाचून सांगत होता. देगलूर. बिदर. निलंगा. ती प्रत्येक नावाला मान हलवत होती. नांदेडची गाडी आली तेव्हा त्याने तिला चढवलं, खिडकीची जागा धरून दिली, कंडक्टरला सांगितलं, नांदेडला त्यांची भाची घ्यायला येईल, तोवर उतरू देऊ नका.

"येतो, सिस्टर."

"हाव. जपून जा."

तो उतरला आणि तिच्या खिडकीसमोर येऊन उभा राहिला. पण सिंधु या बाजूला बघतच नव्हती. तो दाराच्याच बाजूला थांबला असावा असं समजून तिने तोंड पलीकडच्या खिडक्यांकडे वळवलं होतं आणि मधल्या प्रवाशांच्या डोक्यांवरून हात हलवत होती. पलीकडे काकड्या विकणारा एक माणूस पाटी घेऊन उभा होता. त्याने आधी मागे वळून पाहिलं, मग संकोचून स्वतःचा हात वर केला.

चन्नबसप्पाने हाक मारायला तोंड उघडलं आणि मिटलं. गाडीने हॉर्न दिला. तो गाडीच्या मागून, धुरातून, पलीकडे धावला. काकडीवाल्याला हाताने बाजूला सारून त्याच जागी उभा राहिला. सिंधुचा हात अजून हलत होता. त्याने आपला हात वर केला, ग्रीसची काळी नखं असलेला, आणि गाडी मागे घेऊन वळून फाटकाबाहेर जाईपर्यंत तसाच वर धरून ठेवला.